जरा नीट करून द्या

त्या वस्तीतल्या लहान मुलींना दाताच्या डॉक्टरखालोखाल कुणाची धास्ती वाटत असेल, तर ती बाहीमावशीची. डॉक्टर निदान दात उपटल्यावर हातावर एक गोळी तरी ठेवतो. मावशी तेही करत नसे. गळ्यात टेप टाकून, ओठांत टाचण्या धरून ती नुसतं म्हणायची, "हात वर कर बाळा. हं. आता खाली." आणि तेवढ्यात मुलीला कळून चुकायचं, की दुकानाच्या आरशात आपण ज्याच्यावर भाळलो तो फ्रॉक काही आपल्याबरोबर घरी यायचा नाही. येईल तो त्याचा सज्जन भाऊ.

मावशीचं काम एवढंच: दुकानातून आणलेले मुलींचे तयार कपडे अंगभर करून देणं. बिनबाह्यांच्या फ्रॉकला बाह्या लावायच्या, खोल गळा पट्टी घालून वर आणायचा, गुडघ्याच्या वरच दमून थांबलेला घेर झालर जोडून खाली उतरवायचा. जाळीच्या कापडाला अस्तर. पाठीवर खिडकी ठेवलेली असेल तर ती बुजवायची, आणि तीसुद्धा अशी, की इथे खिडकी होती हे खुद्द शिवणाऱ्या कंपनीलाही आठवू नये.

खरी कला शिवण्यात नव्हती, कापड शोधण्यात होती. नेमका तोच रंग, तोच पोत बाजार पालथा घातला तरी मिळत नाही. तेव्हा फ्रॉकच्या बाह्या फ्रॉकमधूनच काढाव्या लागतात. मावशी फ्रॉक उलटा करून मांडीवर पसरायची आणि भाजीवाली भोपळा थोपटून बघते तसा तो थोपटत राहायची. कुठे खिसा दुहेरी आहे, कुठे फुलाच्या नावाखाली वीतभर कापड चुणून बसवलंय. सगळ्यात जास्त कापड निघायचं पाठीमागे बांधायच्या पट्ट्यातून. तो असला की मावशीचा चेहरा उजळायचा.

तिची खोली मोठ्या रेडिमेडच्या दुकानालगतच्या बोळात होती. पुढच्या अर्ध्या भागात मशीन, स्टूल आणि उभा आरसा. पडद्यामागच्या अर्ध्या भागात पलंग, शेगडी आणि ती स्वतः. खिडकीतून दुकानाची मागची भिंत दिसायची आणि तिला टेकवून ठेवलेली रिकामी खोकी. रेडिमेडवाला जाडजूड, मोठ्या तोंडाचा माणूस. गिऱ्हाईक मावशीकडे पाठवताना तो हमखास म्हणायचा, "कंपनी कापड वाचवते, मी ते न वाचवलेल्या भावात विकतो, आणि मावशी वाचलेलं परत आणते. तिघांचं झकास चाललंय!"

गंमत अशी, की आया कधी स्पष्ट बोलत नसत. 'तोकडा', 'उघडा' हे शब्द मुलीसमोर काढायचे कसे? त्यामुळे सगळ्यांनी मिळून, न ठरवता, एकच शब्द ठरवला होता. "मावशी, जरा नीट करून द्या." त्या 'नीट'च्या सगळ्या छटा मावशीला पाठ होत्या. 'जरा नीट' म्हणजे नुसत्या बाह्या. 'नीटच करा' म्हणजे बाह्या आणि गळा. आणि बाईने आधी उसासा सोडून "आमच्या सासूबाई असतात ना घरी, तेव्हा तसा नीट" म्हटलं, की मुंढ्यापासून घेरापर्यंत सगळंच. मावशी पुढे काही विचारत नसे. तिला स्वतःला यात फारसं बरंवाईट वाटत नव्हतं. "झाकलं तर बिघडत नाही" एवढंच तिचं तत्त्वज्ञान, आणि त्यावर तिचं पोट होतं.

मात्र एक गोष्ट तिच्या मनाला लागायची. मुली मोठ्या व्हायच्या, त्यांची लग्नं व्हायची, कडेवर पोर घेऊन त्या बाजारात दिसायच्या. ज्यांच्या खांद्यांची मापं तिला अजून तोंडपाठ होती, त्या बाया रस्त्यात समोर आल्या, की दुकानातल्या भांड्यांकडे बघू लागायच्या.

मावशीचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता. मूलबाळ नव्हतं. पण घरात एके काळी एक मूल होतं. तिच्या भावाची बायको वारली तेव्हा भावाची नोकरी फिरतीची, आज या गावी तर उद्या त्या; म्हणून त्याने आपली लहानगी मुलगी बहिणीपाशी आणून सोडली. शाळा संपेपर्यंत ती इथेच, या पडद्यामागे वाढली. मग वसतिगृह, मग नोकरी, मग लग्न. आता ती लांबच्या शहरात होती आणि तिला एक मुलगी होती. त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती सरळ अशी चालतच नसे. जिथे जायचं तिथे गिरक्या घेत पोचायची.

भाचीचा फोन दर रविवारी यायचा. "कशी आहेस, आत्या?" "बरी. तू?" "बरी." "जेवलीस?" "हो. तू?" दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, फक्त त्याला फोनवर काय बोलायचं ते सुचत नसे.

आणि एके दिवशी, रविवार नसताना, फोन वाजला. मावशीने चालतं मशीन थांबवून तो उचलला.

"आत्या, सुट्टीत भिंगरीला तुझ्याकडे ठेवलं तर जमेल? माझं ऑफिसचं प्रशिक्षण आहे बाहेरगावी, आणि तिच्या बाबाला रजा नाही. महिनाभराचा प्रश्न आहे."

"जमेल?" मावशी म्हणाली. "मला विचारतेस जमेल का?"

"आधी दोघी दोन दिवस येतो. तिला करमतंय का बघते, मग ठरवू."

मावशीने खोलीच्या फटीफटीतून लोहचुंबक फिरवलं. पडलेल्या टाचण्या मूठभर निघाल्या. लहान उशी आणली. कात्र्या वरच्या फळीवर गेल्या. आणि जो भेटेल त्याला, दूधवाल्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत, तिने सांगितलं, "नात येतेय माझी. सुट्टीभर राहणार आहे."

"मग सुट्टीभर काम बंद?" रेडिमेडवाल्याने विचारलं.

"बंद कशाला? ती बसेल की माझ्याशेजारी."

"बसेल? नाव तर भिंगरी सांगताय!"

मावशी हसली. भाची गेल्यापासून त्या खोलीत दुसऱ्या माणसाच्या श्वासाचा आवाज नव्हता. आता महिनाभर असणार होता. करमलं तर. सगळं त्या दोन शब्दांवर अडलं होतं.

भिंगरी आली ती गिरक्या घेतच. बोळातून, उंबऱ्यावरून, थेट आरशासमोर. "आत्याआजी, हा आरसा तुझा एकटीचा?" मग तिला बटणांचा डबा सापडला आणि घरात शांतता पसरली. तिने बटणांची कुटुंबं केली. चार भोकांची ती आया-बाबा, दोन भोकांची ती मुलं. एक मोठं काळं कोटाचं बटण कुणाशीच जुळेना, ते तिने मावशीच्या हातात दिलं. "हे तुझ्याकडे राहू दे. हे पाहुणे आहेत." दुपारी ती चिंध्यांच्या ढिगावरच झोपून गेली.

"रमली म्हणायची," भाची पडदा सारून बघत म्हणाली. मावशी शेगडीपाशी उभी होती. तिने चहात साखर दोनदा घातली.

भाचीला परतीचं तिकीट काढायचं होतं. चपला घालता घालता ती दारातून म्हणाली, "आत्या, तो जांभळा फ्रॉक बॅगेवर काढून ठेवलाय. तेवढा नीट करून ठेवशील? संध्याकाळी माझ्या मैत्रिणीकडे जायचंय, भिंगरीला तोच घालायचाय." आणि ती गेली.

मावशीने फ्रॉक हातात घेतला. जांभळं साटीन. खांद्यावर बाह्या सोडाच, दोऱ्यांसारखे दोन बंद. पाठ अर्धी मोकळी. आणि कमरेला रुंद पट्टा, बांधल्यावर त्याची दोन लांब टोकं थेट घेरापर्यंत लोंबणारी.

नीट करून ठेव.

ती स्टुलावर बसली. ही तीच पोरगी, जिने दहा-अकरा वर्षांची असताना याच आरशासमोर उभं राहून विचारलं होतं, "आत्या, माझ्याच सगळ्या फ्रॉकना बाह्या का?" आणि तिने उत्तर दिलं होतं, "झाकलं तर बिघडत नाही." त्यानंतर पोरीने कधी विचारलं नाही. ते उत्तर तिला पटलं, की तिने नुसतं गिळलं, हे मावशीला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आणि आज ती स्वतः आई होऊन, आपल्या लेकीचा फ्रॉक आत्याच्या हातात देऊन, तोच शब्द बोलून गेली होती. म्हणजे तेव्हाचं चुकलं नव्हतं. म्हणजे तिला पटलं होतं.

सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. मावशीने तर तो सुईत सूत ओवायच्या आतच गाठला.

त्या दुपारी तिने जसं काम केलं तसं आयुष्यात केलं नव्हतं. कमरेचा पट्टा उसवला, कापला, त्यातून दोन छोट्या फुगीर बाह्या काढल्या. पाठीला आतल्या खिशाचं कापड आलं. मध्येच तिच्या लक्षात आलं की चेन एका बाजूने निसटली आहे. रेडिमेडच्या चेनचं हे नेहमीचंच. तिने पकडीने रनर दाबून बसवला, वर जरा मेण चोळलं आणि विसरूनही गेली. इस्त्री फिरवून फ्रॉक खिळ्याला टांगला आणि मागे सरून बघितला. कुठला टाका कंपनीचा आणि कुठला तिचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

भिंगरी डोळे चोळत उठली. "हा कुणाचा?"

"तुझाच की."

तिने फ्रॉक समोरून आणि मग वळवून मागून बघितला. "शेपटी कुठंय?"

"कसली शेपटी?"

"माझी. मी पळाले की माझ्या मागून पळते ती."

मावशीने बाह्यांकडे बघितलं. शेपटी तिथे होती, दोन तुकड्यांत.

"तू कापलीस?"

"बाह्या केल्या बघ तिच्या. किती छान दिसतील तुला."

भिंगरी रडली नाही. आजारी माणसाचा हात धरावा तसं तिने एका बाहीचं टोक धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि भिंतीशी जाऊन बसली. चालत गेली. सरळ.

भाची परतली, तेव्हा दारातच थांबली. "आत्या... हे काय?"

"नीट केला."

"मी चेनचं म्हणत होते गं! बॅग भरताना चेन निसटली त्याची."

"तीपण बसवलीय."

भाचीला हसू आलं. खरंच आलं, पण अर्ध्यातच सांडलं. ती स्टुलावर बसली. "नीट म्हणजे दुरुस्त, आत्या. सगळ्या जगात नीट म्हणजे दुरुस्त."

"इथे नाही," मावशी अगदी हळू म्हणाली. "इथे तसं कुणी म्हणतच नाही." मग टांगलेल्या फ्रॉककडे बघत, "मला वाटलं, तुलापण आता तसंच वाटतं."

"कसं?"

"मी तुझे करायचे तसं. तुला कुणी बोलू नये म्हणून करायचे मी. आईविना पोर, बाप फिरतीवर, आत्याने वळण लावलं नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून."

"कुणी नाही म्हणालं गं काही," भाची म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "कुणी बोललंच नाही माझ्याशी. पाकीट म्हणायचे मला वर्गात. बंद पाकीट. वर पत्ता पण नाही, कुणाला द्यायचं ते कळत नाही, असं म्हणून हसायच्या मुली."

"कधी सांगितलं नाहीस ते?"

"तू इतकं जीव ओतून शिवायचीस. कशी सांगणार?"

मावशीने फ्रॉक खिळ्यावरून काढला आणि उसवायला घेतला. पण कापलेलं कापड उसवून लांब होत नाही. बाह्यांचे तुकडे मुंढ्याच्या गोलाईत कापलेले, वाकडे. आणि साटीन असं मानी कापड, की सुईने एकदा भोसकलेलं ते विसरत नाही. दोरा निघाला तरी भोकांची रांग मागे राहते. तिने तुकडे जोडजोडून पट्टा उभा केला. भिंगरीने तो बांधून घेतला, अर्धी गिरकी घेतली आणि मान वळवून मागे बघितलं.

"उंदराची झाली," ती म्हणाली. तिने तक्रार केली नव्हती. दिसलं ते सांगितलं होतं. तोच घालून ती आईबरोबर मैत्रिणीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बॅग भरताना भाची पाठमोरीच म्हणाली, "आत्या, यावेळी तिला तिच्या बाबाच्या आईकडे ठेवते. तिथे चुलतभावंडं आहेत, खेळायला बरं."

"बरोबर आहे."

"मी रागावलेली नाहीये हं."

"माहीत आहे मला."

तिथेच तर अडचण होती. रागावली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर ते मिटलंही असतं. पण त्या दोघींना भांडायची सवयच नव्हती. एवढीशी खोली, भांडून रुसून बसायला दुसरी खोली लागते.

बस सुटल्यावर मावशी परत आली ती बोळाच्या मागच्या तोंडाने, कुणी विचारू नये म्हणून. पण सांगताना सगळ्यांना सांगितलं होतं, तेव्हा विचारलंही सगळ्यांनी. "नात कुठंय?" दूधवाल्याने विचारलं. "गेली. पुढल्या सुट्टीत येईल." असं ती दिवसभर सांगत राहिली. रेडिमेडवाल्याने मात्र तिच्या तोंडाकडे बघितलं आणि नुसता चहा पाठवून दिला. त्या माणसाने विनोद केला नाही, हेच मावशीला जास्त लागलं.

काही रविवार नेहमीसारखे गेले. कशी आहेस, बरी, तू, बरी. मग एका रविवारी फोन भिंगरीनेच हिसकावून घेतला.

"आत्याआजी, तुला नवा फ्रॉक येतो का शिवायला? पहिल्यापासूनचा?"

"येईल बहुतेक. कधी शिवला नाही."

"मग शिव. पण शेपटी खूप लांब पाहिजे."

"किती?"

"मी दाराबाहेर गेले तरी ती अजून घरातच असेल, एवढी."

पलीकडे भाचीने टेप धरली आणि मापं सांगू लागली. छाती. कंबर. उंची. खांदा. मावशी आकडे पुटपुटत राहिली. आणि मग अडखळली. पुढचा प्रश्न तिने इतक्या वर्षांत कुणाला विचारलाच नव्हता. तिच्या दारात यायचं म्हणजे त्याचं उत्तर घरूनच ठरवून आणलेलं असायचं.

"आणि... बाह्या?"

पलीकडून भाचीचा आवाज, "तिलाच विचार, आत्या."

"एक हवी," भिंगरी म्हणाली.

"एक?"

"हो. एक नको."

"कुठली नको गं?"

"मी रंगवते त्या हाताची. ती रंगात बुडते."

फोन ठेवल्यावर मावशी एवढी हसली, की तिला डोळे पुसावे लागले. हसता हसता ती हे कुणाला तरी सांगायला वळली. खोलीत कुणी नव्हतं. आरसा होता, पण त्यात ती स्वतःच होती, आणि तिने तर आत्ताच ऐकलं होतं.

तिने नवं कापड आणलं, लिंबासारखं पिवळं. अख्खं कापड मांडीवर घ्यायची तिला सवय नव्हती; कुठे काय दडलंय ते हुडकायचं नाही, हेच तिला चमत्कारिक वाटत होतं. कात्री लावायला तिचा हात धजेना. पण एकदा लावल्यावर फ्रॉक भराभर उभा राहिला. डाव्या हाताला फुगीर बाही, उजव्या खांद्याला नुसती पट्टी. आणि मागे शेपटी, इतकी लांब, की ती घडी करून टाचावी लागली.

"झाला का? मग कुरियर कर ना," भाची फोनवर म्हणाली.

मावशीने शेपटीच्या घडीची एक टाचणी काढली आणि पुन्हा तिथेच लावली. "अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई मारता येत नाही," ती म्हणाली.

हे खरं नव्हतं. तिचं माप कधी चुकत नसे, आणि ते भाचीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. लहानपणी भाचीचे सगळे फ्रॉक मावशीच्याच मापाने झाले होते.

"बरं," भाची म्हणाली. "बघते. जमलं की येतो."

तेव्हापासून पिवळा फ्रॉक आरशाशेजारच्या खिळ्याला आहे. आया त्याच्याकडे बघतात. कुणाला वाटतं मावशीचं काम अर्धवट राहिलंय, कुणाला वाटतं तिचं वय झालं. मावशी खुलासा करत नाही.

परवा एका मुलीला घेऊन तिची आई आली. दुकानातला नवा निळा फ्रॉक, बाह्या लावायच्या होत्या. आई बाहेर रेडिमेडवाल्याशी बोलत राहिली. मुलगी नाक फुगवून स्टुलावर उभी होती. माप देता देता तिचं लक्ष खिळ्याकडे गेलं.

"याची दुसरी बाही कुठंय?"

"नाहीच. तिला एकच हवी होती."

"आणि तुम्ही एकच लावलीत?" मुलीचं नाक जागेवर आलं.

"लावली की."

मुलगी बराच वेळ त्या फ्रॉककडे बघत राहिली. "मग ती नेत का नाही?"

मावशीने ओठांतली टाचणी काढली आणि निळ्या कापडात खोचली.

"लांब राहते गं ती," ती म्हणाली.